तेरा वाद्यं, एक पॉज आणि माझे कान

नेहमीप्रमाणे आजही एका पेशंटची गोष्ट सांगणार आहे. पेशंट पुरुष, वय ५६, राहणार डहाणू, व्यवसाय डॉक्टर. म्हणजे मीच. तक्रार : रेकॉर्ड खराब झाली आहे.

हो, तक्रार कानाची नव्हतीच. ती रेकॉर्डची होती, मग सुईची झाली, मग स्पीकरची. कानापर्यंत यायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. बहुतेक पेशंटना याहून जास्त वेळ लागतो, एवढंच काय ते समाधान.

थोडं मागे जातो. १९९७ मध्ये मी डहाणूला दवाखाना सुरू केला. तेव्हा चिकूच्या वाडीत राहणारे एक इराणी गृहस्थ माझे पेशंट होते. हृदय कमजोर, पायांवर सूज, रात्री दम लागायचा. बोलावणं आलं की मी स्कूटर काढून जायचो. इंजेक्शन देऊन झालं, लघवी मोकळी झाली, दम बसला की ते म्हणायचे, "डॉक्टरसाब, बेसो. एक बाजू ऐकून जा." त्यांचा भाऊ अमेरिकेत होता, तो रेकॉर्ड पाठवायचा. मोझार्ट-बीथोवेन सगळेच ऐकतात, पण अमेरिकेतल्या लोकांनी काय लिहिलं तेही ऐकायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला तोपर्यंत भीमसेन जोशी आणि वसंतराव देशपांडे यांच्यापलीकडे फारसं काही ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवली ती एरन कोपलंड या संगीतकाराची 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' ही रचना. तीही दोनदा, दोन वेगळ्या रेकॉर्डवर. या रचनेची जन्मकथा मजेशीर आहे. मार्था ग्रॅहम या नर्तिकेच्या बॅलेसाठी कोपलंडने ती लिहिली. पहिला प्रयोग ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनमध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छोट्या सभागृहात झाला. तिथे वादकांना बसायला जागाच कमी. म्हणून फक्त तेरा वाद्यं : एक बासरी, एक क्लॅरिनेट, एक बसून, एक पियानो आणि नऊ तंतुवाद्यं. पुढच्याच वर्षी कोपलंडने त्यातले काही भाग वगळून पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी ती पुन्हा बांधली. ट्रम्पेट आले, ट्रॉम्बोन आले, ड्रम आले. जगात गाजली ती ही मोठी आवृत्ती. (नावही नंतर पडलं. लिहिताना कोपलंडच्या डोक्यात अ‍ॅपलाचियन डोंगरही नव्हते आणि वसंत ऋतूही नव्हता. पण लोक त्याला येऊन सांगत, तुमच्या संगीतात ते डोंगर दिसतात! आपल्याकडेही नाव कळल्यावर राग ओळखणारे असतातच.)

कोपलंडने स्वतः दोन्ही आवृत्त्या रेकॉर्ड केल्या आहेत. १९५९ ची बोस्टन सिंफनीबरोबरची मोठी आणि १९७३ ची तेरा वाद्यांची. माणूस तोच, रचना तीच, फक्त वादकांची संख्या वेगळी. त्यामुळे तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

रचनेच्या शेवटाकडे एक साधी धून येते. शेकर पंथाच्या लोकांचं ते जुनं, १८४८ मधलं गाणं. आधी एकटी क्लॅरिनेट ती वाजवते आणि मग तीच धून वेगवेगळ्या रंगांत फिरत राहते. मोठ्या आवृत्तीत अखेरीस सगळा ऑर्केस्ट्रा ती धून घेऊन उभा राहतो, तेव्हा अंगावर काटा येतो. छोट्या आवृत्तीत त्याच जागी पियानो आणि मोजकी तंतुवाद्यं असतात. काटा येत नाही. पण पियानोच्या पट्टीवर पडलेलं बोट, गजाची खरखर, बासरीवाल्याने मध्येच घेतलेला श्वास, सगळं कळतं. मोठी आवृत्ती सभागृहात बसून ऐकल्यासारखी, छोटी माजघरात. त्या इराणी आजोबांना छोटी आवडायची. "मोठी पाहुण्यांसाठी, डॉक्टर. ही आपल्या घरची," असं म्हणायचे. मी मोठीच्या बाजूचा होतो. वय तिशीचं होतं, मोठं ते सगळं आवडायचं.

आजोबा गेले. २००९ मध्ये वाडीचं घर आवरताना त्यांच्या मुलीने रेकॉर्ड प्लेअर आणि दोन खोकी मला आणून दिली. तेव्हापासून रविवारी सकाळी दवाखाना नसतो त्या वेळी मी ऐकतो. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावायची सवय आजोबांचीच.

सुई बदलली, स्पीकर बदलला

साधारण तीन वर्षांपूर्वी मला जाणवू लागलं की छोटी आवृत्ती 'विझली' आहे. मोठी ठीक वाजत होती. भरघोस, पहिल्यासारखी. पण तेरा वाद्यांच्या रेकॉर्डवर बासरीचा श्वास ऐकू येईना. गजाची खरखर गेली. व्हायोलिन होती, पण जणू कोणी तिच्यावर गोधडी टाकली होती. मी अनुमान काढलं की ही रेकॉर्ड जास्त वेळा वाजली, झिजली. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून नवी सुई आणली. फरक नाही. स्पीकर बदलले. फरक नाही. फोनवर तेच रेकॉर्डिंग लावलं, ते तर झिजण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तेच. मग मी म्हटलं, हे फोनवाले आवाज दाबून टाकतात. सौ. म्हणाली, "अहो, टीव्ही तुम्ही हल्ली केवढ्याने लावता! आधी कान दाखवा." मी म्हटलं, "अगं, दिवसभर स्टेथोस्कोप लावून बसतो. कान खराब असते तर मला कळलं नसतं का?"

हा युक्तिवाद किती चुकीचा होता ते पुढे सांगतो.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी लाइट गेली. पंखा बंद, फ्रिज बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी फोनला हेडफोन लावून सॅम्युएल बार्बरचा 'अडाजिओ' ऐकत बसलो. याच्याही दोन आवृत्त्या आहेत. मूळ ती १९३६ च्या स्ट्रिंग क्वार्टेटमधली संथ चाल, म्हणजे फक्त चार माणसं : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. पुढे बार्बरने ती तंतुवाद्यांच्या पूर्ण ताफ्यासाठी बांधली आणि ५ नोव्हेंबर १९३८ रोजी तोस्कानिनीने ती न्यूयॉर्कहून रेडिओवर वाजवली. १९८६ च्या 'प्लाटून' सिनेमात तुम्ही ती ऐकली असेल. शोकप्रसंगी जगभर वाजते ती ही ताफ्याची आवृत्ती. सूर एकेक पायरी चढत जातात, वर वर, असह्य होईपर्यंत, आणि मग अचानक थांबतात. काही क्षण पूर्ण शांतता. मग खालच्या पट्टीत दोन-चार सूर, हळूच.

बर्नस्टीनने न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून वाजवलेला अडाजिओ मी शंभरदा ऐकला असेन. तिथे त्या पॉजमध्ये सभागृहाचा घुमारा रेंगाळतो, शांतता कोरडी वाटत नाही. त्या दुपारी मी चार वादकांचा, एमर्सन क्वार्टेटचा लावला होता. चौघे टोकाला पोचले, थांबले. आणि त्या शांततेत मला रातकिडे ऐकू आले.

मे महिन्यात, भर दुपारी रातकिडे?

मी फोन बंद केला. हेडफोन काढले. रातकिडे चालूच. बारीक, एकसुरी, चिंऽऽ. खिडकी बंद केली, तरी चालूच. मग पलंगावर बसलो आणि पेशंटला सांगतो तसं स्वतःला सांगितलं : टिनिटस. कर्णनाद. आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा जे असतं, तेही असणार.

तरी मी लगेच तपासणी केली नाही. खरं कारण सांगायचं तर भीती वाटली. डॉक्टरला ऐकू कमी येतं ही बातमी डहाणूसारख्या गावात सायंकाळच्या लोकलच्या आधी विरारला पोचते. तपासणी झाली ती त्यानंतर चार महिन्यांनी आणि ती तलासरीच्या एका बाईमुळे.

मी आठवड्यातून दोन दिवस तलासरीला बसतो. पाड्यांवरून बायका येतात, खाली बघून, पदर तोंडाशी धरून, अगदी हळू बोलतात. त्या दिवशी बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. एक बाई सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तिने सांगितलं, मी ऐकलं : "पोराला पित्त येतं." विचारलं, उलटी होते का? होते कधी. चक्कर? येते. मी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, उपाशी राहू नको म्हणून मुलाला दमही दिला. दोघं दाराशी पोचले तेव्हा माझी सिस्टर हळूच म्हणाली, "सर, ती पित्त नाही म्हणाली. फिट म्हणाली. फिट येते."

त्या मुलाला मी परत बोलावलं, सगळी हकीकत नीट घेतली. महिन्यात दोन फिट येऊन गेल्या होत्या, एकदा विहिरीच्या कठड्यावर. त्याला पुढच्या तपासणीला पाठवलं, औषध सुरू झालं, आता ठीक आहे. पण सिस्टर त्या वेळी चहाला गेली असती तर काय, हा विचार मला आजही सोडत नाही. दुसऱ्याच दिवशी मी ऑडिओमेट्री करून घेतली.

कानात नेमकं काय झालं होतं?

आपल्या आतल्या कानात शंखासारखी एक गुंडाळी असते, कॉक्लिया. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच, बारीक आवाज टिपतात, आत टोकाशी असलेल्या खर्जातले. प्रत्येक आवाज आत शिरताना तोंडापाशी असलेल्या पेशींवरून जातो. वय, मोठा आवाज, डायबेटिस, काही औषधं यांनी पेशी मरतात, आणि पहिल्या मरतात त्या तोंडापाशी असलेल्या. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

माझ्या ऑडिओग्रामवर १००० हर्ट्झपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. तिथून रेष उताराला लागली. ४००० हर्ट्झला ५५ डेसिबल. म्हणजे निरोगी तरुण कानाला जो आवाज जेमतेम लागतो, त्याहून ५५ डेसिबल मोठा असेल तेव्हा कुठे मला तो लागतो. आता स्टेथोस्कोपचं बघा. हृदयाचे आणि फुफ्फुसाचे आवाज बहुतेक १००० हर्ट्झच्या आतच असतात. माझ्या कानाचा तो भाग शाबूत होता. म्हणून स्टेथोस्कोपने मला काही सांगितलं नाही.

भाषेत स्वर खालच्या पट्टीत असतात, व्यंजनं वरच्या. स, श, फ, ट, थ यांची ओळख पटवणारी ऊर्जा बरीचशी २००० हर्ट्झच्या वर असते. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही. 'सात'चं 'आठ' होतं. 'फिट'चं 'पित्त' होतं. असा माणसू 'मला ऐकू येत नाही' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'हल्लीची पोरं स्पष्ट बोलत नाहीत.'

संगीतातही तेच. पियानोचा सगळ्यात वरचा सूर सुमारे ४१८६ हर्ट्झचा. म्हणजे चाल पूर्ण ऐकू येते. जातो तो त्यावरचा तेज, सुरांचे वरचे पदर, गजाचा स्पर्श, श्वास. मोठ्या ऑर्केस्ट्रात वीस-तीस व्हायोलिन एकत्र वाजतात. त्यातलं तेज कमी झालं तरी आवाजाचा डोंगर उभाच राहतो, आणि ओळखीची चाल मेंदू स्वतःच भरून काढतो. तेरा वाद्यांत लपायला जागा नाही. तिथे एकाच बासरीचा श्वास गेला की गेला. मला 'रेकॉर्ड झिजली' असं फक्त छोट्या आवृत्तीबद्दल का वाटलं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पेशंटना समजावताना मला या दोन आवृत्त्यांचा फार उपयोग होतो. पेशी गेल्या की नुसता आवाज कमी होत नाही, आवाज वेगळे करण्याची ताकदही कमी होते. शेजारशेजारचे सूर एकमेकांत मिसळतात. मोठी आवृत्ती 'भरघोस' वाटत होती, त्यातलं किती भरघोस होतं आणि किती नुसता गोळा झाला होता, कोण जाणे! लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा गप्प का बसतात? घरी तिघांत बोलताना त्यांना सगळं कळतं, हॉलमध्ये काहीच नाही. तुसडे नसतात ते. त्यांच्यासाठी घर म्हणजे क्वार्टेट आहे आणि हॉल म्हणजे ऑर्केस्ट्रा.

तिसरी भानगड : मंद आवाज ऐकू येत नाही, पण मोठा मात्र सहन होत नाही. ऑर्केस्ट्राच्या हळुवार भागात मी आवाज वाढवायचो, आणि ट्रॉम्बोन आले की दचकून कमी करायचो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी ओरडून बोललं की ते चिडतात, त्याचं कारण हेच. ओरडू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला.

कोपलंड परका वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत. त्यातलं वसंतरावांचं 'घेई छंद मकरंद' मोजक्या साथीवर ऐका, आणि मग २०१५ च्या सिनेमातलं, मोठ्या वाद्यमेळाचं ऐका. दोन्ही सुंदर आहेत, भांडण नाही. पण नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याच्या चाटेचा कडक आवाज आणि वसंतरावांच्या तोंडचा 'छ' आणि 'द' तुम्हाला पूर्वीसारखे लागतात का, बघा. शेजारी विशीतला मुलगा बसवा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. ही काही तपासणी नव्हे. तपासणी ऑडिओमेट्रीच. पण तिकडे जायला निमित्त मिळतं.

आमच्या भागात तरुणांचे कानही मला सुरक्षित वाटत नाहीत. तारापूरच्या कारखान्यांत मशीनजवळ उभी राहणारी मुलं आहेत, लग्नात डीजेच्या गाडीवर रात्र काढणारी आहेत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही साधारण मर्यादा धरतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. हा हिशेब १०० डेसिबलपर्यंत नेला की पंधरा मिनिटं उरतात. अशा मुलाच्या ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. कार्यक्रमानंतर कानात चिंऽऽ होतं आणि सकाळी थांबतं, म्हणून तो निर्धास्त असतो. ते थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे.

काही गोष्टी मात्र थांबण्यासारख्या नाहीत. एका रात्रीत एका कानाचं ऐकू येणं गेलं, तर तो मळ समजून तेल घालत बसू नका. ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, उपचार लवकर मिळाले तर ऐकू परत येऊ शकतं. कर्णनाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तरी दाखवा. आणि कानात पाल्याचा रस, कोमट तेल, काडी, काहीही घालू नका. हे मी तलासरीत रोज सांगतो, इथेही सांगतो. दुसरं, मध्यम वयातला बहिरेपणा हा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या कारणांपैकी एक आहे, असं लॅन्सेटच्या २०२० च्या अहवालात म्हटलं आहे. चष्म्याची कोणाला लाज वाटत नाही, मशीनची का वाटते? (हा प्रश्न मी स्वतःला चार महिने विचारत होतो.) ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, श्रवणयंत्र मिळू शकतं.

माझं यंत्र दोन्ही कानांमागे आहे. ओपीडीत ते सोन्यासारखं काम करतं. पहिल्या दिवशी सिस्टरच्या चपलेचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं. रातकिडेही यंत्र लावलं की मागे सरकतात, पूर्ण जात नाहीत. पण संगीताचं प्रकरण वेगळं निघालं. ही यंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बनवलेली. हळू आवाज वाढवायचा, मोठा दाबायचा हे त्यांचं काम, म्हणजे ऑर्केस्ट्राचा चढ-उतार सपाट. शिवाय यंत्र स्वतः शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक पहारेकरी असतो. बासरीचा लांब, स्थिर सूर आला की त्याला ती शिट्टी वाटते आणि तो तिला मारायला धावतो. कोपलंडची बासरी थरथरू लागली! ऑडिओलॉजिस्टकडे दोन खेपा घालून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून घेतला, त्यात हा पहारेकरी जवळजवळ झोपवलेला आहे. संगीत ऐकणाऱ्यांनी यंत्र घेतानाच हे मागून घ्यावं, आपणहून कोणी सांगत नाही. आता तेरा वाद्यांतली बासरी परत आली आहे. तिचा श्वास नाही आला. गजाची खरखर थोडी आली आहे. मोठी आवृत्ती मी हल्ली क्वचित लावतो.

दिवाळीत तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो, माझ्या एका दम्याच्या पेशंटच्या घरी. त्याचे काका तारपा वाजवतात. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं तोंड, जोड मेणाने बसवलेले. गाल फुगवून श्वास न तोडता माणूस वाजवत राहतो आणि त्या एका वाद्याभोवती अख्खा पाडा हातात हात घालून फिरतो. मी अंगणाच्या कडेला खुर्चीत, यंत्र चुकून बोलण्याच्याच प्रोग्रामवर. तारप्याचा लांब सूर लागला आणि पहारेकऱ्याने झडप घातली. सूर तुटायला लागला. मी दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली. काकांनी ते पाहिलं. वाजवणं थांबवून विचारलं, "डॉक्टर, आवाज लय होतो का?"

"नाही," म्हटलं, "खुर्ची जरा पुढे घेतो." आणि घेतली.